साच्याची चार मिनिटं

सोमवार, ४ मार्च

कारखान्याला द्यायच्या निवेदनाचा कच्चा मसुदा. आधी इथे लिहिते, कारण इथे कोणी माझी वाक्यं मऊ करणार नाही.

१. माझे वडील पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस क्रमांक सहावर एकतीस वर्षं काम करतात. त्यांची ऐकण्याची क्षमता दोन्ही कानांत निम्म्याहून कमी उरली आहे. कारण प्रेस क्रमांक सहा.

२. कारखान्याच्या श्रवण-कल्याण योजनेतून त्यांना श्रवणयंत्रं मिळाली. तपासणी आणि जोडणी मी नोकरी करते त्या केंद्रात झाली. मीच केली.

३. ११ डिसेंबरला त्यांच्या दोन्ही कानांचे साचे घेतले. कानात मऊ सिलिकॉन भरतात आणि ते घट्ट झालं की बाहेर काढतात. चार मिनिटं लागतात.

४. त्या चार मिनिटांत त्यांना संमतीपत्र वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि टॅबलेटवर सही केली.

५. २ जानेवारीला यंत्रं बसवली. प्रेसच्या हॉलमध्ये यंत्रं काढून डबीत ठेवायची आणि कानांवर इअरमफ लावायचे, असं मी सांगितलं. त्यांनी ते काटेकोर पाळलं.

६. यंत्रं कानात असताना भोवती कसला आवाज आहे याची नोंद ठेवतात: शांतता, बोलणं, गोंगाट. ही नोंद वडिलांच्या फोनमधून केंद्राकडे येते आणि केंद्र कारखान्याला मासिक अहवाल पाठवतं. वापराचे एकूण तास पाठवतात, एवढं मला माहीत होतं. तासातासाची नोंद पाठवतात हे १ मार्चला कळलं.

७. १ मार्चला वडिलांना पत्र मिळालं. आठ तासांच्या पाळीत त्यांच्या यंत्रांनी सरासरी पन्नास मिनिटंच गोंगाट नोंदवला आहे. म्हणजे उरलेला वेळ ते प्रेसवर नसतात, असा निष्कर्ष. खुलासा १४ मार्चला करायचा. तोवर प्रेसला हात लावायचा नाही.

८. डबीत ठेवलेलं यंत्र काहीही नोंदवत नाही.

आठवा मुद्दा कुठल्याही शाळकरी पोराला कळेल. कारखान्यातल्या कल्याण विभागातल्या चार माणसांना तो कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी पत्रावर सही केली. दोन्हींपैकी काय जास्त वाईट ते मी ठरवू शकत नाही.

बाबांना गेटपाशी स्टुलावर बसवलंय. येणाऱ्या ट्रकांचे नंबर वहीत लिहितात. आज घरी आल्यावर आईने विचारलं, "काय केलंत दिवसभर?"

"नजर ठेवली," बाबा म्हणाले. "ट्रकांवर."

मग स्वतःच हसले. मला नाही हसू आलं.


मंगळवार, ५ मार्च

मॅडमच्या केबिनमध्ये अकरा मिनिटं. मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. मला कामाला लावलं, शिकवलं, सगळं त्यांनीच.

मी म्हटलं, "अहवालात 'यंत्र काढलेलं' असा रकानाच नाही. कारखान्याला एक ओळ लिहून द्या, की नोंद नसणं म्हणजे माणूस नसणं नव्हे."

"अगं, नोंद आपण द्यायची. अर्थ त्यांनी लावायचा."

"अर्थ चुकीचा लावलाय."

"मग तुझे वडील सांगतील ना त्यांना."

"एकच ओळ आहे, मॅडम."

"आज एक ओळ. उद्या सगळा कारखाना माझ्या दारात ओळीने उभा." आपल्याच बोलण्यावर त्या खूश झाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू आत्ता कोण म्हणून बोलतेयस? मुलगी की कर्मचारी?"

"ऑडिओलॉजिस्ट."

"मग तसं वाग. तो कारखाना आपला सगळ्यात मोठा ग्राहक आहे. आणि संमती आहे ना? सही आहे. घेतली कोणी?"

"मी."

"मग झालं तर."

संमती खरोखरच आहे. माझा आक्षेप अर्थ लावण्यावर आहे, संमतीवर नाही. मसुद्यात हे दोन मुद्दे वेगळे ठेवायचे. एकात एक मिसळले की आपण भावनेच्या भरात बोलतोय असं दिसतं.

बाहेर आले तर रिसेप्शनवरच्या ताईने विचारलं, "काय गं, बर्फाचा खडा गिळलास?"

"माझा चेहरा असाच आहे."

"रोज खडा असतो. आज अख्खी लादी दिसतेय."


बुधवार, ६ मार्च

आमच्या धंद्यातला पहिला धडा: आधी विचारा, मग बघा. पेशंटला विचारायचं, रोज किती तास यंत्र घालता? त्याने सांगितलं की मगच यंत्र कॉम्प्युटरला जोडून नोंद उघडायची. सगळे खोटं बोलतात. आज एका निवृत्त पोस्टमास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं, "उठल्यापासून झोपेपर्यंत." नोंदीत दिवसाला पस्तीस मिनिटं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. चोरी पकडल्यासारखे ते खाली बघायला लागले आणि सूनबाई त्यांना बोलायला लागल्या. मी गप्प राहिले. गप्प राहण्याचा उपयोग होतो, हेही धड्यातच आहे.

त्यानंतर कपडे शिवणाऱ्या एक बाई. नवीन केस. दोन्ही कानांत साचे, संमती, सही, चार मिनिटांत सगळं आटोपलं. ही पद्धत माझी. पूर्वी कागदपत्रं शेवटी व्हायची आणि माणसं घड्याळ बघत बसायची. दोन वर्षांपूर्वी मी सुचवलं, की साचा घट्ट होईपर्यंत नाहीतरी आपण बसूनच असतो. दर पेशंटमागे सहा मिनिटं वाचली. मॅडमनी भिंतीवरच्या तक्त्यात ती पायरी क्रमांक पाच म्हणून छापली आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

बाबांनी आज एकशे सोळा ट्रक लिहिले. प्रेस सहावर कोणी नवीन माणूस बसवलाय. तो पत्रा तिरका सरकवतो, असं बाबांना गेटपाशी बसून कळलं.

"इतक्या लांबून ऐकू येतं तुम्हाला?"

"ऐकू कशाला यायला पाहिजे? स्टूल लोखंडाचं आहे. खालून कळतं."


शुक्रवार, ८ मार्च

खुलाशाला पुरावा हवा म्हणून आज संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर बाबांची पूर्ण नोंद उघडली. मला प्रवेश आहे. त्यांच्याच भल्यासाठी उघडली.

पुरावा स्वच्छ आहे. पाळीच्या दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी यंत्रं बंद. जेवणाच्या सुट्टीत चालू. पुन्हा बंद. तीन वाजून दहा मिनिटांनी चालू. एक दिवस चुकलेला नाही. एखाद्या माणसाने सांगितलेलं इतकं तंतोतंत पाळलेलं मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही.

पण आणखी एक गोष्ट दिसली. रोज संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ यंत्रं बंद असतात. घरी. मी कामावरून येते तीच वेळ.

जेवताना विचारलं. सरळ विचारलं. "बाबा, संध्याकाळी साडेसातला यंत्रं का काढता?"

त्यांचा घास हातातच राहिला. "कोण म्हणालं काढतो?"

"नोंद आहे."

आई मध्येच बोलली, "त्याला नोंद कशाला हवी? मी बोलायला लागले की काढतात. बावीस पावलांवरून ओळखते मी."

"आईमुळे नाही," मी म्हटलं. "आई दिवसभर बोलते. ही फक्त पाऊण तासाची वेळ आहे आणि रोजची आहे." मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

बाबांनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुलाही दिसतं होय हे सगळं?"

"मला दिसायलाच हवं, बाबा. मी..."

त्यांनी डावा कान मोकळा केला. मग उजवा. दोन्ही यंत्रं डबीत ठेवली, डबी मिटली आणि उठून फ्रिजवर ठेवून आले. यंत्रांना ते 'भाडेकरू' म्हणतात. "आज भाडेकरू कुरकुर करतायत", "भाडेकरूंची बॅटरी संपली". आज काहीच म्हणाले नाहीत. परत येऊन खाली मान घालून जेवले.


रविवार, १० मार्च

डबी फ्रिजवरच आहे. दोन दिवस.

आईला प्रत्येक वाक्य दोनदा, मग तिसऱ्यांदा हातवारे करून. घसा बसलाय तिचा. "अहो, पाणी गरम झालंय!" या एका वाक्यासाठी तिला स्वयंपाकघरातून बाल्कनीत यावं लागतं.

मला बाबांचा राग येतोय, तो लिहून ठेवते. मी त्यांच्या बाजूने लढतेय आणि ते माझ्यावर रुसलेत. नोंद उघडली नसती तर पुरावा कुठून आणला असता? हेतूमध्ये फरक असतो. कारखान्याने नोंद बघितली ती अडकवायला. मी बघितली ती सोडवायला.

हे मी आईला ऐकवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुझं बरोबर असेल बाई," ती म्हणाली. "पण साडेसातचं कशात बसतं, अडकवण्यात की सोडवण्यात?"

"ते सहज दिसलं."

"हं. भिंतींना कान असतात असं म्हणायची आमची आई. ह्यांच्या तर कानांनाच कान फुटलेत. माणसाने मग जायचं कुठे?"

मी विचारलं, तुला माहीत आहे का ते साडेसातला का काढतात. ती म्हणाली, "माहीत आहे." आणि घड्या घालत राहिली. मी ओळखते तिला. विचारून सांगणार नाही.


मंगळवार, १२ मार्च

मसुदा पक्का केला, छापला आणि बाबांच्या हातात दिला. खुलासा त्यांचा आहे, तेव्हा त्यांनी वाचायलाच हवा. यंत्रं अजून फ्रिजवर.

बाबा बोट फिरवत वाचतात, जणू ओळीवर पत्रा सरळ बसलाय का ते तपासतायत. पहिला मुद्दा, दुसरा, तिसरा. चौथ्यावर बोट थांबलं. मागे गेलं. तिसरा परत वाचला. परत चौथा.

"हे काय लिहिलंयस?"

मी मोठ्याने, ओठ नीट हलवत म्हटलं, "संमतीपत्र वाचून दाखवलं."

"कधी?"

"साचे घेताना. कानात सिलिकॉन होतं तेव्हा."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं, हे मला कळलं. आणि मग मला कळलं.

"कानात बूच असताना?" बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. यंत्रं नसली की त्यांचा आवाज नेहमीच चढा असतो, पण तेव्हा तो हळू होता. "तू काहीतरी म्हणत होतीस हे दिसलं मला. तोंड हलत होतं. मला वाटलं, विचारतेयस, दुखत नाही ना. मी मान हलवली. नव्हतंच दुखत."

"आणि सही?"

"तू पाटी पुढे केलीस. तू केलीस म्हणून केली सही. दुसरं कोणी असतं तर चष्मा मागितला असता."

मी कागद परत घेतला. चौथ्या मुद्द्यात एकही शब्द खोटा नाही. वाचून दाखवलं, खरं. मान हलवली, खरं. सही केली, खरं. आठ दिवस मी तो मुद्दा रोज वाचला आणि पुढे गेले.

मी चार वर्षं कानाचं शास्त्र शिकले. कानात सिलिकॉन गच्च बसलं की ऐकणं किती डेसिबलने कमी होतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आधीच बहिरं होत चाललेल्या माणसाच्या दोन्ही कानांत मी बूच भरते, मग त्याला कायद्याची भाषा वाचून दाखवते. आणि ही युक्ती सुचल्याबद्दल माझी पाठ थोपटून घेते.

गेल्या बुधवारच्या त्या शिवणाऱ्या बाई. त्यांनीही मान हलवली होती. हसल्यासुद्धा होत्या.

आज मॅडमवर, कारखान्यावर, कल्याण विभागावर मला काल होता तेवढाच राग आहे. फक्त आता रांगेत सर्वांत पुढे मी उभी आहे.


बुधवार, १३ मार्च

आमच्यावर कशी पाळत असते ते इथे आधी लिहिलेलं नाही, कारण सवय झाली होती. प्रत्येक पायरी सुरू करताना आणि संपवताना आम्ही टॅबलेटवर बटण दाबतो. कोण किती वेळ घेतं, मॅडमना महिन्याच्या शेवटी रंगीत तक्ता मिळतो. हिरवी मी. कायम हिरवी.

आज त्याच तक्त्याच्या मागची नोंद उघडली. 'साचा सुरू', 'साचा समाप्त' आणि 'संमती: सही' या तीन वेळा. नावं झाकून ठेवली. मोजायला नावं लागत नाहीत. काहीही कॉपी केलं नाही, फोटो काढला नाही.

पायरी क्रमांक पाच सुरू झाल्यापासून एकूण २०३ सह्या. त्यातल्या १९८ साचा सुरू आणि साचा समाप्त यांच्या मधल्या. उरलेल्या पाच सह्यांच्या दिवशी टॅबलेट चार्जिंगला लावलेला होता.

योजनेच्या रकान्यावरून, १९८ पैकी ३९ बाबांच्या कारखान्यातले.

ताई मागून येऊन उभी होती. "काय मोजतेयस?"

"मी किती लोकांना ऐकू येत नसताना विचारलं, ते."

ती गमतीत काहीतरी म्हणणार होती. आकडा बघितला आणि दार लोटून घेतलं.


गुरुवार, १४ मार्च

खुलासा. माझ्याबरोबर बाबा गेले असं म्हणणं चूक आहे. बाबांबरोबर मी गेले. निघताना त्यांनी फ्रिजवरून डबी घेतली आणि खिशात टाकली. कानात नाही.

टेबलापलीकडे कल्याण अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, माझ्याच वयाचा. समोर आलेखाची रंगीत प्रिंट. माणूस वाईट नव्हता. बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "काका, गैरसमज नको. आम्ही कोणावर आरोप करत नाही. पण डेटा खोटं बोलत नाही ना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदावर त्याचं वाक्य लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि मला हाताने थांबवलं. खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. पिशवीतून इअरमफ काढून तिच्याशेजारी.

"साहेब, हे दोन्ही एकदम घालून दाखवा."

"म्हणजे?"

"घाला की. एकाच कानावर घाला. पट्टा दाबतो, यंत्र किंचाळतं. मुलीने सांगितलं, आत हे काढा, ते घाला. हे काढलं की हे झोपतं. झोपलेल्याला विचारून तुम्ही माझी हजेरी लावली."

अधिकाऱ्याने इअरमफ उचलून बघितले. त्यांवर कारखान्याचाच शिक्का आहे.

"प्रेसचा काउंटर आहे," बाबा पुढे म्हणाले. "रोजचे डबे मोजतो. तो नाही बघितलात?"

"तो उत्पादन विभागाकडे असतो, काका. आमच्याकडे हाच रिपोर्ट येतो."

एवढं बोलून त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं असावं. त्याने पेनाचं टोपण तीनदा लावलं आणि काढलं. शेवटी ठरलं असं: श्रवण केंद्राने लेखी स्पष्टीकरण द्यावं. २५ तारखेपर्यंत आलं तर बाबा प्रेसवर परत. नाही आलं तर 'पुढील कारवाई'. काउंटर मागवण्याची त्याला परवानगी नाही म्हणे.

म्हणजे बाबांचा प्रेस आता मॅडमच्या सहीवर आहे.

बाहेर आल्यावर बाबा सवयीने हॉलच्या भिंतीला तळवा लावून थांबले. "सहा नंबर बंद आहे," म्हणाले. "अडकला असणार पत्रा. बोललो होतो मी."


शनिवार, १६ मार्च

मॅडमनी स्वतः बोलावलं. चहा मागवला. चहा मागवला की समजायचं.

"स्पष्टीकरण तयार आहे," त्या म्हणाल्या आणि पत्र दाखवलं. तीन परिच्छेद. मी मागितलेली ओळ त्यात होती, माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. "फक्त तुझ्या वडिलांपुरतं. विशेष बाब म्हणून. सोमवारी पाठवते."

"बाकीचे अडतीस?"

"त्यांना कुठे पत्रं आलीत?"

"अजून नाही आलीत."

त्यांनी चहा ढवळला. "तू बुधवारी वेळांच्या नोंदी उघडल्यास. सिस्टिममध्ये दिसतं कोण काय उघडतं ते."

"माहीत आहे."

"तो विषय इथे थांबेल, असं मी धरून चालते. पायरी पाच सोमवारपासून बदलू. मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे? तुझं तर नाहीच. पद्धत तुझी, बहुतेक सह्या तू घेतलेल्या. मी तुला वाचवतेय, एवढं तरी लक्षात घे."

खरं आहे ते. त्या मला वाचवत होत्या. राग गिळायला अवघड गेला तो याच्यामुळे. पूर्ण खोट्या माणसावर रागावणं सोपं असतं.

"सोमवारी सांगते," मी म्हटलं.


रविवार, १७ मार्च

दुपारी बाबांसमोर बसले. आईलाही बसवलं. कागदावर लिहिलं: "एक विचारायचं आहे. भाडेकरू घालाल का? नाही म्हटलंत तरी चालेल." बाबांनी वाचलं, फ्रिजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उठून डबी आणली आणि घातली. कुई असा आवाज झाला. "आले," म्हणाले.

सगळं सांगितलं. मॅडमचं पत्र. १९८. गप्प राहिले तर प्रेस परत. बोलले तर मॅडम पत्र पाठवतील याची खात्री नाही, आणि माझी नोकरी बहुधा जाईल.

"आमच्यातले एकोणचाळीस कोण?" बाबांनी विचारलं.

"नावं बघितली नाहीत मी."

"बरं केलंस. मला माहीतच आहेत. चार नंबरवाला. वार्निशवाले दोघे. तोही इअरमफ लावतो, चार नंबरवाला. पुढच्या महिन्यात त्याला स्टूल."

मग मी बाबांना विचारलं, "तुमचं उदाहरण पत्रात लिहू का?" हे वाक्य लिहिताना लाज वाटते, कारण त्यांच्या कानांबद्दल मी त्यांना काहीही विचारायची ही पहिलीच वेळ.

"आधी ते वाच," बाबा म्हणाले. "मी सही केलेलं. सगळं. हळू."

संमतीपत्र छापून आणलेलंच होतं. वाचलं. प्रत्येक कलम, प्रत्येक 'सहयोगी संस्था'. बाबा दोन ठिकाणी थांबवून म्हणाले, "म्हणजे काय?" मी सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, सवय आहे. थांबलेला वेळ वगळून सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. चार मिनिटांत हे कधी वाचून होणारच नव्हतं. मी दोन वर्षं काय वाचत होते? वरवरचं. सारांश. बूच घातलेल्या कानांपुढे तेवढा पुरत होता.

"डॉक्टरला दाखवायला माझी हरकत नाही," बाबा म्हणाले. "तुम्हाला यंत्र दुरुस्त करायला लागेल तेवढं बघा. मालकाला नाही. घरचं कोणालाच नाही. हे सांगितलं असतं की मी तेव्हाच."

"हो."

"लिही मग माझं. आणि चौथा मुद्दा नीट लिही."

"प्रेस जाईल, बाबा."

"प्रेसने कान घेतले माझे. आणखी किती जपू त्याला?" पण हे म्हणताना त्यांचा तळवा टेबलावर पालथा होता, भिंतीला लावला होता तसाच. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

आईने पाण्याचे ग्लास उचलले. जाताजाता बाबांना म्हणाली, "साडेसातचं सांगा तिला. मनाला लावून घेतलंय तिने."

बाबा कानामागे खाजवत राहिले. "तू कामावरून येतेस ना. तेव्हा चेहरा असा असतो तुझा." त्यांनी स्वतःचा चेहरा ओढून दाखवला. "दिवसभर लोकांशी हळू आणि स्पष्ट बोलून दमलेली असतेस. यंत्र कानात असलं की तुला वाटतं, बाबांना ऐकू येतंय, म्हणजे बोलायला हवं. काढून ठेवलं की बोलत नाहीस. टेकतेस जरा."

मी उठून बाल्कनीत गेले. तिथे नोंद घेण्यासारखं काही नव्हतं.


सोमवार, १८ मार्च

सकाळी नऊला मॅडमच्या टेबलावर ठेवलं. प्रत कारखान्याच्या कल्याण विभागाला, बाबांच्या परवानगीने. इथे नक्कल:

"महोदया,

माझ्या वडिलांची संमती ११ डिसेंबरला मी घेतली. तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांत साचे होते. त्यांना ऐकू येत नव्हतं. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण साचे मीच भरले होते. त्यांनी मान हलवली ती दुखत नाही असं सांगायला. त्यांनी सही केली ती मी सांगितलं म्हणून. ती संमती नव्हती.

केंद्राच्या स्वतःच्या वेळनोंदीनुसार अशा सह्या १९८ आहेत. ही पद्धत मी सुचवली आणि केंद्राने ती तक्त्यात छापली. दोन्ही गोष्टी मी नाकारत नाही. आपण नाकारू नयेत.

माझ्या वडिलांबद्दलचं स्पष्टीकरण आपण तयार केलं आहे. ते कारखान्यातल्या एकोणचाळीस जणांसाठी द्यावं, एकासाठी नव्हे. तासातासाची नोंद कोणाच्याही मालकाकडे पाठवणं आजपासून थांबवावं. १९८ जणांना पुन्हा बोलवावं, कानात साचा नसताना, यंत्र घातलेलं असताना, पूर्ण मजकूर वाचून दाखवावा. त्याला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागतात. जे नाही म्हणतील त्यांचं नाही लिहून घ्यावं. हे काम मी करायला तयार आहे. मला कामावर ठेवलं नाही तर ते ज्याच्याकडे द्याल त्याला मी शिकवीन.

मी वडिलांची नोंद त्यांना न विचारता घरी उघडली होती. त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. माझा प्रवेश मी आज स्वतः बंद करून घेतला आहे.

कारखान्याची मुदत २५ तारखेची आहे. म्हणून आपलं उत्तर शुक्रवार, २२ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत मिळावं. तोंडी नको, लेखी द्यावं, आणि त्याची एक प्रत माझ्या वडिलांच्या नावे पाठवावी, ही विनंती. ते स्वतः वाचणार आहेत."